वय नको, पाय टेकतो का ते बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

साठी उलटलेल्यांनी दुचाकीची किल्ली पोरांच्या हवाली करावी, अशा आशयाचं एका वाचकाचं पत्र याच सदरात वाचलं. त्यांची काळजी खरी आहे, उपाय मात्र पटला नाही. मी ६७ वर्षांचा. वाळूजला टूलरूममध्ये फिटर होतो, आता अंबाजोगाईजवळ शेतावर राहतो. आठवड्यातून तीन सकाळी माझी १९८३ची राजदूत मोटारसायकल आमच्याच माळावरच्या खडकातून चालवतो. हेल्मेट घालून, आणि नातू बांधावर असला तरच.

या खेळाला ट्रायल्स म्हणतात. यात वेगाला किंमत नाही. दगड, ओघळ, चढ असा आखलेला टप्पा फूटरेस्टवर उभं राहून पार करायचा. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा दोन, त्यापुढे कितीही वेळा टेकला तरी तीन. गाडी पडली की पाच. गुण कमी तो जिंकला. आपल्याकडे जिचा एवढा रुबाब, त्या बुलेटचे मागे स्विंगआर्म (मागचं चाक खालीवर हलू देणारा दांडा) असलेले नमुने १९४८ साली इंग्लंडात अशाच एका ट्रायलला उतरले होते.

खरी ट्रायल्सची गाडी सत्तर किलोच्या आसपास, बिनसीटची. माझी राजदूत जड. मागचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, मोठं बसवून तिला सावकाश चालायला लावलंय. त्या गाड्यांच्या मागच्या टायरात चार-पाच पौंडच हवा असते असं कळल्यावर मीही तेवढीच ठेवली. पण ट्यूबच्या टायरला ते सोसत नाही. ओढ्याच्या चढावर टायर रिमवर सरकला, सोबत ट्यूब ओढली गेली आणि वॉल्व्ह मुळासकट उपटला. चैत्राच्या उन्हात गाडी ढकलत आणली. आता बारा पौंड ठेवतो आणि निघण्याआधी वॉल्व्ह बघतो. सरळ उभा असला तर ठीक. जरा जरी कलला असेल तर टायर सरकायला लागलाय, हवा सोडून पुन्हा बसवायचा. क्लचची केबल महिन्याला तेल पाजून मोकळी ठेवतो, कारण डाव्या हाताची बोटं आता आखडतात आणि या खेळात सगळा जीव क्लचमध्ये असतो.

विहिरीजवळ एक काळा खडक आहे. त्याला वळसा घालून वर चढायचं. बहुतेक दिवशी पाय न टेकता जमतं. ज्या सकाळी तिथं तीनदा पाय टेकतो, त्या दिवशी मी बाजाराला स्कूटर काढत नाही, एसटीनं जातो. ते मला कुठल्याही दाखल्यानं सांगितलं नसतं.

पहिल्यांदा परवाना काढताना आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. आमच्या वयात दर पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, डॉक्टरांचा दाखला लागतो. पण मुदतीत अर्ज केला तर गाडी चालवून दाखवावी लागत नाही. ती दाखवायला लावा, ही माझी मागणी आहे. आठचा आकडा आणि माणसाच्या चालीनं वीस फूट सरळ, पाय न टेकता. ज्याला जमेल त्याला चालवू द्या, मग तो पंचाहत्तरीचा का असेना. आणि परिवहन कार्यालयाचं चाचणी मैदान रविवारी सकाळी दोन तास आम्हा ज्येष्ठांना सरावाला मोकळं ठेवा.

माझं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. चाचणी ठेवली तर रांगेत पहिला मी असेन.

आपला,
एक निवृत्त फिटर, अंबाजोगाई