सरसकट २६ यार्डांवर आणलेल्या फेअरवेंबाबत तक्रार

दि. २४ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गोल्फ मैदान देखभाल विभाग

विषय : चौदा फेअरवेंची रुंदी लेखी संमतीशिवाय कमी केल्याबाबत

महोदय,

दिवाळीनंतरच्या कामात आपल्या माणसांनी पार-४ आणि पार-५ (चार किंवा पाच फटक्यांत पुरे करायच्या) मिळून चौदाही होलच्या फेअरवेच्या, म्हणजे खेळण्यासाठी बारीक कापलेल्या पट्ट्याच्या, कडा आत घेतल्या. मंजूर आराखड्यात ही रुंदी होलप्रमाणे ३४ ते ५२ यार्ड आहे, सरासरी ४२. गेल्या आठवड्यात टीपासून (पहिला फटका मारण्याच्या जागेपासून) २०० आणि २५० यार्डांवर टेप लावून मोजणी केली, तर सगळीकडे २५ ते २७ यार्ड. करारानुसार मैदानाच्या रचनेत बदल करण्याआधी कोर्स उपसमितीची लेखी संमती लागते. ती घेतली गेली नाही. कारण विचारले तेव्हा 'चॅम्पियनशिप दर्जासाठी' असे एका ओळीचे उत्तर आले. म्हणून हे पत्र जरा लांबवावे लागत आहे.

चौथा होल घ्या. ३९० यार्ड, पार-४. ग्रीनच्या (खळग्याभोवतीच्या गुळगुळीत गवताच्या) डाव्या तोंडाशी खोल बंकर (वाळूचा खड्डा), उजवे तोंड मोकळे. त्यामुळे दुसरा फटका उजवीकडून सोपा जातो. पण उजवीकडेच टीपासून २१५ यार्डांवर फेअरवे बंकर आहे. त्याला खेटून मारण्याची छाती असेल त्याला ग्रीनचे दार उघडे. डावीकडून सांभाळून जाणाऱ्याला पुढे बंकरवरून चेंडू उचलावा लागतो आणि उन्हाळ्यातल्या कडक ग्रीनवर तो थांबत नाही. या होलची सगळी गंमत एवढ्या एका निवडीत होती. आपण उजवी कड ११ यार्ड आत घेतली. तो बंकर आता रफमध्ये (कडेच्या उंच गवतात), फेअरवेपासून दहा-बारा पावलांवर एकटा पडला आहे. त्याच्याकडे घरंगळणारा चेंडू ५० मिलिमीटर उंचीच्या हरळीत आधीच रुतून बसतो. परवा पाहिले तेव्हा त्या वाळूत बुटांचा एकही ठसा नव्हता, टिटवीचे मात्र होते.

उजवी वाट बंद झाल्याने आता सगळ्यांचे चेंडू एकाच पट्ट्यात पडतात. २०० ते २२० यार्डांमधली ती जागा डिव्हटनी (फटक्याने उखडलेल्या गवताच्या ढलप्यांनी) खरवडून निघाली आहे आणि वाळू-बियांचे मिश्रण टाकून ती भरून येईपर्यंत पुढचा रविवार उजाडतो. हीच कथा सातव्या, बाराव्या आणि सोळाव्या होलची. फरक फक्त कोणता बंकर निकामी झाला याचा.

थोडा हिशेब. २०० यार्डांच्या फटक्याची दिशा ५ अंशांनी चुकली तर चेंडू मध्यापासून सुमारे १७ यार्ड बाजूला जातो, १० अंशांनी चुकली तर ३५. फेअरवे २६ यार्डांचा असेल तर मुभा उरते पावणेचार अंशांची. २४ हँडिकॅपवाल्याने (पारपेक्षा साधारण २४ फटके जास्त घेणाऱ्याने) ती कुठून आणायची? उलट लांब मारणाऱ्याला याचा फारसा चटका बसत नाही, कारण रफमधूनही त्याच्या हातात वेज (जवळच्या, उंच फटक्याची काठी) असते. २०२० च्या विंग्ड फूटवरील यूएस ओपनमध्ये लांब मारणाऱ्या ब्रायसन डीशॅम्बोला ५६ पैकी २३ च फेअरवे सापडले, तरी ६ अंडर पारवर (पारपेक्षा ६ फटके कमी घेऊन) तो जिंकला. पारच्या खाली राहिलेला तो एकटाच. अरुंद फेअरवेने ताकदीला लगाम बसतो हे म्हणणे इथेच लंगडे पडते.

दर्जाचेच उदाहरण हवे तर स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर पहिला आणि अठरावा होल एकच फेअरवे वापरतात आणि त्याची रुंदी शंभर यार्डांहून जास्त आहे. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलवर १९९९ पर्यंत रफ असा नव्हताच. तिथल्याच पाइनहर्स्ट नंबर २ या मैदानाची गोष्ट तर आपल्यासाठी जास्त बोलकी आहे. तिथेही फेअरवे आक्रसत गेले आणि कडेला बर्म्युडाचा, म्हणजे आपल्या हरळीचाच, रफ माजला होता. २०१०-११ मध्ये मैदान-रचनाकार बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी तो काढून फेअरवे पुन्हा रुंद केले. स्प्रिंकलर सुमारे ११५० वरून ४५० वर आले, आणि २०१४ मध्ये पुरुष व महिला अशा दोन्ही यूएस ओपन तिथे लागोपाठ झाल्या.

पाणी वाचते, हा आपल्या पर्यवेक्षकांचा तोंडी मुद्दा. मधल्या ओळीतले स्प्रिंकलर २० मीटर अंतरावर आहेत आणि २० मीटर फेकतात. दोन वर्तुळे जिथे एकमेकांना छेदतात तिथपर्यंत मोजले तर ओली पट्टी ३४.६ मीटर, म्हणजे ३८ यार्ड भरते. नोझल बदललेले नाहीत. म्हणजे पाणी पूर्वीइतकेच जाते आहे, फक्त दोन्ही कडांचे सहा-सहा यार्ड आपण त्यावर रफ पोसत आहात. ३८ च्या पलीकडचा काठ एप्रिल-मेमध्ये विरळ पडतो ही हरकत मान्य आहे. तिथे आमचा आग्रह नाही. ज्या होलवर स्प्रिंकलरची दुहेरी ओळ आहे तिथे ती सबबही चालणार नाही. खरी बचत कापणीत आहे. होलमागे सरासरी २७० यार्ड लांबी आणि १६ यार्ड रुंदी धरली तर चौदा होलचे सुमारे साडेबारा एकर फेअरवे मोवरखालून सुटले. बिल मात्र जुन्याच क्षेत्रफळाचे येते.

सरसकट मोकळे रान आम्हाला नको. अकरावा होल २८५ यार्डांचा आहे, तिथे टीवरून आयर्न (कमी अंतराची, जास्त नेमकी काठी) घेण्याचा पर्याय असतो. तो अरुंदच ठेवा. पावसाळ्यात ग्रीन मऊ असतात आणि चेंडू कुठूनही थांबतो, हेही खरे. पण नोव्हेंबर ते मे ग्रीनकडे कोणत्या कोनातून मारता ते महत्त्वाचे असते. त्यात रफमध्ये काठीचे पाते आणि चेंडू यांच्यामध्ये गवत येऊन फिरकी मरते, तेव्हा कडक ग्रीनवर रफमधून खेळणाऱ्याला दुहेरी मार बसतो.

पुढची कापणी घाईने करू नये. ५० वरून एकदम १२ मिलिमीटरवर पाते आणले तर पान जाते, पिवळे देठ उरतात आणि उघड्या जागी लव्हाळा घुसतो. एका वेळी तृतीयांशाहून जास्त उंची काढायची नाही : ५० वरून ३४, मग २३, मग १६, शेवटी १२, प्रत्येक टप्प्यात किमान आठवडा. २३ वर आल्यावर व्हर्टिकट (उभ्या पात्यांची कापणी) करून साचलेली काडी उचलावी. रात्री उबदार झाल्या की हरळी धरते, म्हणून मार्चच्या मध्यापासून सुरुवात व्हावी. जूनमध्ये काळ्या मातीत मोवरची चाके रुतून चाकोऱ्या पडतील, मग दसऱ्यापर्यंत हात लावता येणार नाही.

फेअरवेची रुंदी कोर्स रेटिंगमध्ये (मैदान किती अवघड याच्या आकड्यात) धरली जाते, म्हणून सध्याचे रेटिंग या मैदानाला लागू नाही आणि त्यावर निघणारे हँडिकॅपही चुकीचे आहेत. जुन्या कडा परत आणल्या तर फेररेटिंगचा खर्च टळेल. नाहीतर तो आपण सोसावा.

आमची मागणी अशी : १० मार्चपर्यंत लेखी उत्तर द्यावे, कडांची आखणी उपसमितीसमोर खुणेचा रंग मारून करावी, निकामी झालेले बंकर पुन्हा फेअरवेला भिडवावेत, आणि नोव्हेंबरपासूनच्या बिलात कमी झालेल्या क्षेत्रफळाची वजावट द्यावी. चौथ्या होलपासून सुरुवात करावी.

आपले,
कोर्स उपसमितीचे सदस्य

सोबत : चौदा होलच्या मोजणीचा तक्ता, मंजूर आराखड्याची प्रत