टॅलीही राहील, लिनक्सही येईल

पुणे,
१८ जानेवारी २०२६

प्रिय मित्रा,

परवा फोनवर म्हणालास, "लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही, आता नवाच घ्यावा लागणार." तेव्हापासून डोक्यात तेच आहे. घेऊ नकोस. विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून त्यावरून बँकेची आणि जीएसटीची कामं करणं मला पटत नाही. पण टॅलीला, तुझ्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, तर विंडोजच लागतं. मग दोन्ही ठेव. त्याच डिस्कवर लिनक्स मिंट टाक, विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम. हिशेब विंडोजमध्ये, इंटरनेटचं सगळं मिंटमध्ये.

एक मात्र हात जोडून सांगतो. आधी बॅकअप. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता, झोप अनावर झाली होती, आणि इन्स्टॉलरने विचारल्यावर 'इरेझ डिस्क', म्हणजे सगळी डिस्क पुसा, निवडून पुढे गेलो. ताईच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर होते. परत मिळाले नाहीत. ताई मला एका शब्दाने बोलली नाही, पण लग्नाचा विषय निघाला की अजूनही मी उठून आत जातो.

तेव्हा टॅलीचा डेटा आणि घरचं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घे, आणि त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघ. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेव. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशिनच्या सेटिंगमध्ये, काही बदललंस की विंडोज तीच मागू शकतं.

मग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह 'श्रिंक', म्हणजे लहान, करून ५०-६० जीबी मोकळी कर. ती जागा फॉरमॅट न करता तशीच सोड. फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं तर शटडाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंटमधून तो ड्राइव्ह नीट उघडत नाही, आणि तुला तर टॅलीतून काढलेली जीएसटी रिटर्नची फाइल तिथूनच उचलायची आहे.

पेनड्राइव्ह ८ जीबीचा पुरतो. रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने त्यावर मिंटची आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलची फाइल, चढव, लॅपटॉप चालू होताना येणाऱ्या बूट मेनूतून त्यावरून सुरू कर, पण लगेच इन्स्टॉल करू नकोस. तासभर पेनड्राइव्हवरूनच वापर. वायफाय लागतं का, प्रिंटर सापडतो का, मराठी टायपिंग जमतं का, सगळं बघ. तू स्वतःहून हात लावला नाहीस तर डिस्क जशीच्या तशी राहते. इन्स्टॉल करताना 'विंडोजसोबत' असा पर्याय दिसला तर तो घे. न दिसला तर तिथेच थांब आणि मला फोन कर.

नंतर लॅपटॉप सुरू केलास की ग्रबच्या, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या, यादीत दोन्ही नावं येतील. विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नकोस. लिनक्स मशिनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच इथली समजतं. मिंटमध्ये एका ओळीची कमांड दिली की हा फरक जातो. पण टॅलीत व्हाउचर टाकण्याआधी ते करून घेऊ.

शनिवारी रात्री नको, रविवारी सकाळी बस. चहा झाला की फोन कर, मी दिवसभर घरीच आहे. काका-काकूंना नमस्कार.

तुझाच