सरासरीत हरवलेली मुले

महोदय,

कुपोषणाविषयीच्या संशोधनात सरासरीवर फार भिस्त ठेवली जाते आणि नेमकी तिथेच दुर्बल घटकांची उपेक्षा होते. एखाद्या प्रदेशातील बालकांची सरासरी उंची वाढली, तरी सर्वांत गरीब घरांतील मुले होती तिथेच राहिलेली असू शकतात. मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ मध्येच आरोग्यातील विषमतेचे मूळ माणसाच्या राहणीमानात आणि कामाच्या परिस्थितीत असल्याचे मांडले होते.

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी मी अनेकदा हाताळली आहे. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की पट्टीवरच्या छोट्या खिडकीत लाल रंग दिसतो आणि मूल अतितीव्र कुपोषित ठरते. काम अर्ध्या मिनिटाचे, पण पट्टी त्या दंडापर्यंत पोहोचायला हवी. सर्वेक्षणाचा नमुना बहुधा घरांच्या यादीतून निवडला जातो. त्यामुळे बेघर, निवारागृहांत राहणारी आणि कामासाठी सतत स्थलांतर करणारी कुटुंबे यादीतच नसतात, आणि यादीत असलेली आईसुद्धा दिवसा मजुरीला गेलेली असली, तर ‘घर बंद’ एवढीच नोंद होते. ही नोंद मला फार अस्वस्थ करते.

संशोधकांनी अशा घरी संध्याकाळी पुन्हा जावे, बेघरांसाठी वेगळा नमुना घ्यावा, आणि मोजमापात लाल रंग दिसलेल्या मुलाला त्याच दिवशी उपचारांसाठी पाठवावे.

– एक आरोग्य कार्यकर्ती