दुकान नाही ना, मग किमतीची पाटी कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा भाच्यानं माझं कार्ड मागितलं, किकस्टार्टरवर (लोकांकडून आधीच पैसे जमवून वस्तू बनवायची वेबसाइट) एका गेमला वीस डॉलर द्यायचेत म्हणाला. गेम कुठाय विचारलं तर म्हणे मामा, अजून बनायचाय! त्यावरून हे पत्र.

गेम फसला की सगळे बॅकर्सनाच, म्हणजे पैसे लावणाऱ्यांनाच, शहाणपण शिकवतात, की बाबांनो ही वर्गणी होती, खरेदी नव्हे. किकस्टार्टरनंही २०१२ मध्येच सांगून टाकलंय की आम्ही दुकान नाही. मान्य. पण मग पानावर वीस डॉलरला गेम, साठ डॉलरला खोक्यासकट गेम, शिवाय अंदाजे डिलिव्हरी अमुक महिना, हे काय असतं हो? गणपतीच्या पावतीवर मोदक किती मिळणार ते कुणी छापत नाही.

माइटी नंबर नाइन हा गेम आठवतोय का? मेगा मॅन या गाजलेल्या गेम मालिकेवर वर्षानुवर्षं काम केलेले केइजी इनाफुने कॅपकॉम ही मेगा मॅनची कंपनी सोडून आले, ऑगस्ट २०१३ मध्ये ९ लाख डॉलर मागितले आणि महिनाभरात ६७ हजार लोकांनी ३८ लाखांच्या वर ओतले. खरी गंमत इथंच सुरू झाली, कारण आकडा चढला की नवा स्ट्रेच गोल (इतके जास्त जमले तर हेही देऊ, असं आश्वासन), अजून एक कन्सोल, अजून एक मोड, असं करत गेम दहा प्लॅटफॉर्मवर (कन्सोल, कॉम्प्युटर वगैरे) द्यायचं कबूल करून बसले. एप्रिल २०१५ ची तारीख तीनदा पुढे गेली आणि शेवटच्या वेळी कारण काय दिलं, तर नेटवर्क मोडमधले बग, इतके सारे प्लॅटफॉर्म असल्यानं सुटत नाहीयेत, वर इंजिनही (गेम ज्या सॉफ्टवेअरवर उभा असतो ते) जुनं! म्हणजे ज्या आश्वासनांवर पैसे गोळा केले त्यांनीच गळा धरला. त्यात पहिला गेम हातात नसताना जुलै २०१५ मध्ये रेड अ‍ॅश या दुसऱ्या गेमसाठी पुन्हा झोळी पुढे केली, ती मात्र भरली नाही. शेवटी जून २०१६ मध्ये गेम आला, स्फोट बघून लोक म्हणाले हा तर पिझ्झा दिसतोय, आणि थ्रीडीएस, व्हिटा या हातात धरायच्या कन्सोलवाले अजून वाटच बघतायत.

सगळेच असे नसतात. शॉव्हल नाइट या गेमवाल्यांनी ७५ हजार डॉलर मागितले, तीन लाखांवर मिळाले, २०१४ मध्ये मूळ गेम आधी हातात दिला आणि कबूल केलेली बाकीची कॅम्पेन्स (गेमचे नवे भाग) नंतर बॅकर्सना फुकट देत बसले, शेवटचं २०१९ मध्ये आलं. उशीर यांनाही झालाच की, पण शिव्या कुणी फारशा घातल्या नाहीत.

तुम्ही पेपरवालेही 'इतक्या तासांत इतके कोटी जमले' एवढंच छापता, दोन वर्षांनी त्या गेमचं काय झालं तेही छापा की.

भाच्याला वीस डॉलर दिले. डिलिव्हरीच्या तारखेचा स्क्रीनशॉट तेवढा काढून ठेवायला लावलाय.

आपला,
एक जुना गेमर, सांगली