दस्ता माणसाच्या मापाचा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला शिपाई वार्षिक गोळीबार सरावात मागे पडतात, त्यांना जड रायफल पेलवत नाही, अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण निदान चुकले आहे. मी एका जिल्हा पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारातून आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा कारागीर, म्हणून निवृत्त झालो. घराणे सुताराचे असल्यामुळे रायफलीच्या लोखंडाइतकेच तिच्या लाकडाकडेही माझे लक्ष जाई, आणि चांदमारीवर, म्हणजे गोळीबार सरावाच्या मैदानावर, जी नेमबाजी कच्ची म्हणून नोंदवली जाते, तिच्यातला बराच दोष दस्त्याच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाच्या, लांबीत असतो, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे.

पोलिसांच्या हाती अनेक वर्षे असलेली एसएलआर, म्हणजे इशापूरची ७.६२ मिमीची १ए१, ही अर्धस्वयंचलित रायफल १९६२ च्या चीन युद्धानंतर थ्री नॉट थ्री या इंग्रजी अमदानीतल्या जुन्या रायफलीची जागा घेण्यासाठी आली. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची गोळी वायूच्या दाबाने आपोआप नळीत चढते. वजन साडेचार किलोच्या आसपास. हे वजन मुलींना पेलत नाही असे म्हणणाऱ्यांनी गावाकडच्या पाण्याच्या कळश्या आठवाव्यात. प्रश्न वजनाचा नसून चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या अंतराचा आहे. ते तपासण्याची जुनी रीत अगदी साधी आहे: कोपर काटकोनात वाकवून दस्त्याचे टोक कोपराच्या बेचक्यात टेकवावे आणि बोटाचे पहिले पेर चापावर सहज बसते का ते पाहावे. बोट ताणावे लागत असेल, तर दस्ता त्या माणसाला लांब आहे.

लांब दस्त्याने काय होते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. दस्ता खांद्याच्या खोबणीत बसत नाही, तो दंडावर सरकतो. डावा हात पूर्ण ताणला जातो, रायफलीचे तोंड खाली झुकते, ते सावरण्यासाठी शिपाई कमरेतून मागे रेलते आणि सगळा भार टाचांवर जातो. डोळा नेम धरायच्या मागच्या छिद्रापासून लांब राहिल्याने नेम दर वेळी वेगळा लागतो. धक्का खांद्याऐवजी दंडाच्या हाडावर बसतो, तिथे संध्याकाळपर्यंत काळानिळा वण उठतो, आणि पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात. याला आपण भित्रेपणा म्हणतो. उलट फार आखूड दस्त्याचाही जाच असतोच. एका सहा फुटी शिपायाच्या नाकावर स्वतःचाच अंगठा आपटून रक्त आलेले मी पाहिले आहे, पण त्याला कुणी नाजूक म्हटले नाही.

ही गोष्ट इंग्रजांना शंभर वर्षांपूर्वी कळली होती. ज्या थ्री नॉट थ्रीला आपण जुनाट म्हणून हसतो, तिचे दस्ते चार लांबींचे असत. नेहमीच्या लांबीच्या दस्त्यावर काहीच खूण नसे. अर्धा इंच जास्त लांब असेल तर ‘एल’, अर्धा इंच आखूड असेल तर ‘एस’ आणि एक इंच आखूड असेल तर ‘बी’ हे अक्षर लाकडावर ठोकलेले असे. हा ‘बी’ बॅण्टमचा. पहिल्या महायुद्धात पाच फूट तीन इंचांहून, म्हणजे १६० सेंटिमीटरहून कमी उंचीच्या माणसांच्या बॅण्टम पलटणी उभ्या केल्या गेल्या होत्या. आपल्या पोलीस भरतीत महिला शिपायाची किमान उंची १५५ सेंटिमीटर आहे. म्हणजे ज्या उंचीच्या पुरुषांना त्या काळच्या सैन्याने वेगळे माप द्यायचे ठरवले, तिच्याहूनही कमी उंचीच्या मुलींना आपण भरती करतो आणि सरसकट एकाच मापाची रायफल हाती देतो.

आमच्या कोठारात थ्री नॉट थ्रीचे दोन ‘एस’ दस्ते धूळ खात पडले होते. एका सरावाच्या वेळी सतत नापास होणाऱ्या एका मुलीसाठी मी त्यातला एक थ्री नॉट थ्री रायफलीवर चढवला. तिला काहीही सांगितले नाही. पाच गोळ्यांपैकी आदल्या दिवशी दोनच कागदाला लागल्या होत्या. त्या दिवशी पाचही लागल्या आणि तळहाताने झाकता येतील इतक्या जवळजवळ लागल्या. मी एसएलआरसाठीही आखूड दस्ते मागवावेत असा अर्ज वर पाठवला. तो ‘तरतूद नाही’ असा शेरा घेऊन परत आला.

एसएलआरचा दस्ता करवतीने कापून आखूड करता येत नाही, हे मलाही मान्य आहे. शिकारीच्या बंदुकीचा दस्ता भरीव असतो. एसएलआरच्या दस्त्यातून मात्र परतीच्या स्प्रिंगची नळी मागे जाते, आणि मागच्या पट्टीतल्या झाकणाआड तेलाची बाटली व फुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, ठेवायची पोकळीही त्याच लाकडात असते. तेव्हा हे काम कारखान्याने करावयाचे आहे. ते अशक्य मात्र नाही. ऑस्ट्रेलियाने याच जातीच्या रायफलीची एफ१ नावाची आखूड दस्त्याची आवृत्ती लहान चणीच्या सैनिकांसाठी काढली होती.

कारखान्यातून योग्य मापाचा दस्ता आला तरी आर्मोररचे काम संपत नाही. नवा दस्ता चढवताना मी लोखंडाच्या मागच्या भागाला तेलात कालवलेली काजळी लावत असे, दस्ता दाबून बसवत असे आणि पुन्हा काढून बघत असे. जिथे लाकूड टेकले तिथे काळा ठिपका उमटतो. तेवढाच भाग पटाशीने खरवडायचा, पुन्हा काजळी, पुन्हा दाबणे. दहा-पंधरा वेळा हे केल्यावर काळा रंग दोन्ही बाजूंना सारखा पसरतो, तेव्हा दस्ता बसला म्हणायचा. एकाच बाजूला टेकलेला दस्ता प्रत्येक धक्क्याचा सगळा जोर त्या बाजूला घेतो आणि महिना-दोन महिन्यांत रेषेतून उभा चिरतो. त्यात आपल्याकडचे हवामान आणखी घोळ घालते. लाकूड ओलीने लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र फुगते. सातारच्या उन्हाळ्यात घट्ट बसवलेला दस्ता आषाढात रत्नागिरीला नेला, तर तो निघता निघत नाही. म्हणून कडांना कागदाच्या जाडीइतकी मोकळीक ठेवायची आणि कोमट जवसाचे तेल हाताने चोळून मुरवायचे. वार्निश फासणाऱ्यांविषयी न बोललेलेच बरे.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा आपण सर्वांनीच पेढे वाटले. त्या खेळातल्या रायफलीचा गालाखालचा भाग आणि खांद्याचा भाग स्क्रूने मागे-पुढे, वर-खाली करून नेमबाजाच्या अंगाला बसवतात, आणि त्याला कुणी सवलत म्हणत नाही. ज्या मुलीवर रात्रीच्या बंदोबस्तात लोकांचा जीव सोपवायचा, तिच्यासाठी निदान दोन मापे असावीत, ही मागणी अवाजवी नसावी.

नव्या रायफली येतील, त्यांचे फायबरचे दस्ते फुगणार नाहीत. पण खरेदीच्या वेळी लांबी कमी-जास्त करता येणारा दस्ता मागितला गेला नाही, तर हाच प्रश्न पुन्हा उभा राहील, आणि फायबरवर माझ्यासारख्या सुताराची पटाशीही चालत नाही. तोवर इतके तरी करता येईल: सरावाआधी प्रत्येक शिपायाची कोपराची चाचणी घ्यावी, आणि शस्त्र देताना नोंदवहीत रायफलीचा क्रमांक लिहितात, त्याच्या शेजारी त्या शिपायाला लागणाऱ्या दस्त्याचे माप लिहावे. पुढच्या मागणीपत्रात किती आखूड दस्ते मागवायचे, हे त्या रकान्यावरून कुणालाही मोजता येईल.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर, सातारा