इंजिन खोलण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. चेनसॉ, म्हणजे तुझी साखळी-करवत, जोर धरत नाही म्हणून इंजिन खोलून पिस्टन-रिंगा बदलायचा तुझा बेत आहे. जरा थांब. पाना उचलण्याआधी मशीनखाली पडलेला भुसा हातात घेऊन बघ. धार असलेली चेन ढलप्या काढते, बोथट चेन पीठ पाडते. काप एका अंगाला जातो आणि शेवटी-शेवटी अंगाचा भार द्यावा लागतो, असं तूच लिहिलंयस. हे दुखणं बहुतेक चेनचंच आहे. एका बाजूचे दाते दुसऱ्या बाजूपेक्षा आखूड किंवा बोथट झाले की काप वाकडा जाणारच. धार लावूनही वाकडाच जात असेल तर बारच्या, म्हणजे चेन जिच्यावर फिरते त्या लांब पट्टीच्या, खाचेच्या कडा तपास. एक कड जास्त झिजलेली सापडेल.

धार मात्र नीट लाव. ०.३२५ इंच पिचच्या (कड्यांमधल्या अंतराच्या मापाच्या) चेनला ४.८ मिमीची गोल कानस लागते, ३/८ इंचाच्या लो-प्रोफाइल चेनला ४ मिमीची. घरात सापडेल ती कानस घासू नकोस. कोन बऱ्याच चेनना ३० अंशांचा असतो आणि दात्याच्या पाठीवर त्याची रेघ कोरलेली असते. कानस आतून बाहेर ढकलायची, परत आणताना उचलायची. आधी सगळ्यात आखूड दाता शोध आणि बाकीचे त्याच्या लांबीला आण. जिवावर येतं, कारण चांगले दाते उगाच खर्ची पडल्यासारखे वाटतात. पण सगळे दाते सारखे झाल्याशिवाय काप सरळ येत नाही.

आणि सगळे विसरतात तो भाग म्हणजे दात्याच्या पुढचा उंचवटा, डेप्थ गेज. दाता घासला की तो मागे सरकतो आणि त्याची उंचीही कमी होते. उंचवटा मात्र आहे तेवढाच राहतो. मग दाता वस्तऱ्यासारखा धारदार असला तरी लाकडाला पोचतच नाही. बहुतेक चेनना दाता आणि उंचवटा यांच्या उंचीतला फरक ०.६५ मिमीच्या आसपास ठेवतात. पट्टी लावून सपाट कानशीने घास, अंदाजाने नको. जास्त घासलास तर चेन अधाशासारखी लाकूड ओढते आणि मशीन उलटून अंगावर येण्याचा धोका वाढतो.

एवढं करूनही जोर नसेल, तर इंजिनाकडे वळ. तरीही खोलू नकोस. दोन-तीन बोल्ट काढून सायलेन्सर बाजूला कर आणि धूर निघतो त्या भोकातून टॉर्चच्या उजेडात पिस्टन बघ. गुळगुळीत असेल तर देवाचे आभार मान. उभे ओरखडे दिसले तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळाली असण्याची शक्यता मोठी. चेनसॉच्या टू-स्ट्रोक इंजिनात वंगण पेट्रोलातूनच येतं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं आणि उष्णता वाढते. नवा पिस्टन टाकून हे कारण तसंच राहिलं तर तोही जाणार. म्हणून आधी टाकीतला फिल्टर, कडक झालेली नळी, क्रँकची सील (इंजिनाच्या मुख्य दांड्याभोवतीचं रबर) बघून घे. रेस सोडल्यावरही इंजिन वरच्या आवाजात रेंगाळत असेल तर कुठूनतरी हवा शिरतेय असं समज. थोडा वेळ चालून बंद पडत असेल आणि टाकीचं झाकण सैल केल्यावर पुन्हा सुरू होत असेल, तर टाकीत हवा येण्याची वाट तुंबली आहे. काम फुंकर मारण्याइतकं असतं, आणि त्यापायी लोक कार्ब्युरेटर बदलतात!

मिश्रण ५०:१ असेल तर लिटरला २० मिली ऑइल, तेही मापाने. पण तुझ्या मशीनच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल वापरू नकोस. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा धरतं. आणि काम संपलं की चेन सैल कर. तापून वाढलेली चेन गार होताना आकसते आणि शाफ्ट-बेअरिंगवर ताण देते. दुसऱ्या दिवशी ताणायला दोन मिनिटं लागतात.

चिपरचं, फांद्या चिरडणाऱ्या त्या मशीनचं, तू ओझरतंच लिहिलंस, पण मला काळजी त्याचीच जास्त वाटते. फांद्यांचे तुकडे न होता लांब चिंध्या निघत असतील तर पाती बोथट आहेत, नाहीतर पात्यातली आणि खालच्या पट्टीतली फट वाढली आहे. पाती जोडीनेच काढ, सारखीच घास. एक हलकं झालं की पाती बसवलेलं चाक थरथरतं आणि बेअरिंगं जातात. बोल्ट नवे घाल आणि टॉर्क पान्याने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळ. हे सगळं किल्ली खिशात टाकून आणि चाकाला खिळ घालूनच. इंजिन बंद झाल्यावरही ते जड चाक बराच वेळ फिरत राहतं, आणि भोवती शांतता असल्यामुळे ते लक्षातही येत नाही. रेडिएटरची जाळी रोज झाड. इंजिन तापायचं निम्मं कारण तिथेच चिकटलेलं असतं.

हायड्रॉलिक पाइप (दाबाच्या तेलाचा) गळतोय म्हणतोस, तर त्यावरून हात फिरवून गळती शोधू नकोस. सुईएवढ्या भोकातून दाबाने आलेलं तेल कातडीत घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण थेट हॉस्पिटल गाठावं लागतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरून बघ, आणि पाइप सोडण्याआधी दाब उतरव.

गाडीचं फार सांगत नाही, तुला कळतं. ट्रॉलीचं चाक काढून बसवलं असेल तर थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा आवळ. थांबलास की हबजवळ, चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात नेऊन बघ. एकच हब जास्त तापलेला लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक ओरडतोय असं समज. डिझेल फिल्टरमधलं पाणी सोडत जा.

रविवारी सायलेन्सर काढशील तेव्हा पिस्टनचा फोटो पाठव, धूर निघतो त्या बाजूचा. चेनचाही पाठव, जवळून, दाते आडवे दिसतील असा. रिंगांची ऑर्डर तोवर देऊ नकोस.

तुझाच