वेरूळच्या एसटीत टाळलेला प्रश्न

मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सा. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवतो. हिवाळ्यात एसटी ठरवून आम्ही मुलांना वेरूळला नेतो. गेल्या सहलीत दहाव्या लेण्यात, म्हणजे ‘सुताराच्या झोपडी’त, पोरं माना वर करून छताच्या दगडी फासळ्या मोजत होती. लाकडाचं काम दगडात कशाला केलं, यावर बराच वाद झाला. मग कैलास, मग पार टोकाला बत्तिसाव्या लेण्यातले तीर्थंकर. परतताना खुलदाबादचे दर्गे लागले, तेव्हा मागच्या सीटवरून एका मुलीनं विचारलं, “सर, बौद्ध, हिंदू, जैन, सगळ्यांनी एकाच डोंगरात खोदलं. मग खरं कुणाचं होतं?”

मी म्हणालो, “चला, उरलेले डबे काढा.”

साहेब, उत्तर द्यायची मला भीती वाटली. मागे एकदा वर्गात चार्वाकाबद्दल पाच मिनिटं बोललो होतो. आपल्याच देशात वेद आणि परलोक नाकारणारेही होते, एवढंच. संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी नास्तिक ठरलो. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी एकच विचारलं, “हे पुस्तकात आहे का?” नव्हतं.

मूल्यशिक्षण आमच्याकडे आहे. परिपाठात सुविचार होतो, भिंतीवर तक्ता आहे, ‘सर्वधर्मसहिष्णुता’ पोरं घडाघडा म्हणतात. पण शेजारच्या बाकावरचा मुलगा रोजा का धरतो, हे त्यालाच विचारायला तासिका नाही.

2024 मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा भांडण झालं ते गीता आणि मनाच्या श्लोकांच्या पाठांतरावर आणि मनुस्मृतीतल्या एका श्लोकावर. मला पाठांतराचं वावडं नाही. मनाचे श्लोक मला आजही येतात, आजीची कृपा. पण गीता सुरू होते ती धनुष्य खाली ठेवून प्रश्न विचारणाऱ्या अर्जुनापासून. परीक्षेत श्लोकाला गुण देणार, मग अर्जुनासारखा प्रश्न विचारणाऱ्या पोरीला काय देणार?

वरिष्ठांना विचारलं की उत्तर ठरलेलं: संविधानात मनाई आहे. अनुच्छेद 28 मी वाचला आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे बरोबरच आहे. पण 2002 साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं धर्माची दीक्षा आणि धर्मांचा अभ्यास यांत फरक केला. अभ्यासाला आडकाठी नाही.

महात्मा फुल्यांनी तर एकाच घरात आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असं कुटुंब कल्पिलं. प्रत्येकानं आपापला ग्रंथ वाचून ठरवायचं आणि एकमेकांचा द्वेष न करता राहायचं. हे कुटुंब आमच्या वर्गात आलं, तर शंभर पानी वही भरेल एवढी चर्चा होईल.

मागणी मोठी नाही. सहावी ते आठवी, आठवड्याला एक तासिका. त्यात धर्म काय सांगतात, त्यांच्यात आतून कुठे मतभेद आहेत आणि देव न मानणारे नीती कशावर उभी करतात, हे यावं. परीक्षा नको. शिक्षकांना आधी नीट प्रशिक्षण द्या, ऑनलाइन लिंक पाठवून नव्हे. आणि परिपत्रकात एक ओळ स्पष्ट लिहा: वर्गात विचारलेल्या प्रश्नासाठी शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला जबाबदार धरले जाणार नाही.

सहल यंदाही डिसेंबरात आहे. ती मुलगी आता आठवीत गेली, पण तिचा धाकटा भाऊ माझ्या वर्गात आलाय.

आपला,
एक जिल्हा परिषद शिक्षक